भिंगरीला घेऊन सासुरवाडीला

काचवाल्याला स्वतःची फजिती सांगायची भारी हौस. काच कापून होईपर्यंत गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं, की तो पेन्सिल कानामागे खोचतो आणि सुरू होतो. सांगताना स्वतःला जराही सूट देत नाही. पोरीला एकट्याने सासुरवाडीला नेल्याची गोष्ट तर त्याने इतक्यांदा सांगितली आहे, की शेजारचा कुलुपवाला मधूनच पुढचं वाक्य पुरवतो.

या गोष्टीचं मूळ त्याच्या बायकोच्या नोकरीत आहे. बायको नर्स. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची काळजी कशी घ्यायची, याच्या मोठ्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली. लांबच्या शहरात, सहा महिन्यांसाठी. येणार की नाही, हे तिने अजून कळवलं नव्हतं. अशी संधी दारात दोनदा येत नाही, हे दोघांनाही कळत होतं. पण पोरगी जेमतेम दोन वर्षांची. तिचं खरं नाव कागदोपत्री आहे. एका जागी टिकत नाही म्हणून घरात ती भिंगरी. सहा महिने भिंगरीला कोण बघणार, यावर बराच खल झाला. काचवाला म्हणाला, "मी आहे की." बायको नुसती त्याच्याकडे बघत राहिली. ते बघणं त्याला झोंबलं.

"मी दिवसभर काय हाताळतो?" तो म्हणाला. "काच. माणसाएवढा आरसा भर बाजारातून सायकलवर नेतो. आजवर एक तडा गेला नाही. आणि एवढंसं पोर मला सांभाळता येणार नाही?"

"काच वळवळत नाही," बायको म्हणाली. "काचेला शी लागत नाही."

शेवटी तोडगा निघाला तो असा. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना नात बघायची होती आणि बायकोला रजा मिळत नव्हती. तेव्हा काचवाल्याने भिंगरीला घेऊन जायचं आणि दोन दिवस राहून यायचं. सासूबाई बायकोच्या थोरल्या बहिणीकडेच राहतात, आणि त्या बहिणीने आधीच सांगून ठेवलं होतं, की आमचं घर मोठं आहे, आमची मुलं शिकायला बाहेर असतात, पोरगी खुशाल आमच्याकडे ठेवा. "आई ठरवेल," बायको म्हणाली. "तुमचं दोघांचं कसं काय जमतं ते तिला बघू दे. ती म्हणाली ठेव, तर तिकडेच ठेवायची. मग तू तोंड फुगवून बसायचं नाहीस."

सहा महिने पोरगी दुसऱ्या गावाला. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून घरी जायचं आणि पायाला येऊन कुणीच चिकटणार नाही, ही कल्पनाच त्याला सोसेना. हे सरळ बायकोला सांगता आलं असतं. पण सरळ सांगेल तर तो काचवाला कसला. तो म्हणाला, "बघाच आता तुम्ही सगळे." अंगात नाही बळ आणि चिमटा घेऊन पळ, असं म्हणतात ते उगाच नाही.

निघायच्या दिवशी बायकोची सकाळची ड्यूटी होती, त्यामुळे बॅग त्यानेच भरली. भरली कसली, बांधली. कपडे, लंगोट, केळी, बिस्किटं सगळं ठीक होतं. प्रश्न आला दुधाच्या बाटलीचा. घरात प्लास्टिकची बाटली होती, पण काचवाल्याच्या पोरीने प्लास्टिकमधून दूध प्यायचं हे त्याच्या जिवावर आलं. त्याने माळ्यावरून काचेची बाटली काढली, उकळून घेतली, दूध भरलं. आणि मग त्याचे हात आपोआप कामाला लागले. आधी वर्तमानपत्राचे चार वेढे. त्यावर नालीदार पुठ्ठा. पुठ्ठ्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर सुतळी, आणि सुतळीला आरशाच्या खोक्याला मारतात ती गाठ. ती गाठ वाटेत सुटू नये म्हणूनच मारायची असते. छिन्नी लावल्याशिवाय ती सुटत नाही, आणि छिन्नी दुकानात होती.

बस शहराबाहेर पडली आणि भिंगरीने फर्मान काढलं, "दुदू."

काचवाल्याने हसतमुखाने बाटली काढली. नखं लावली. मग दात लावले. भिंगरी पुठ्ठ्याच्या त्या गाठोड्याकडे बघून आधी कुरकुरली, मग रडली, मग तिने असा सूर लावला की ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. शेजारच्या सीटवर एक बाई मोजा विणत होत्या. त्यांनी सुई पुढे केली. सुई गाठीत अडकली आणि वाकली. पुढच्या सीटवरच्या माणसाने किल्ली दिली. कंडक्टर तिकिटं द्यायची सोडून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आत आहे तरी काय?"

"दूध," काचवाला दातात सुतळी धरून म्हणाला.

"दुधाला कुणाची भीती आहे?" कंडक्टरने विचारलं, आणि अख्खी बस हसली.

सुतळी दातांनी कुरतडून बाटली अखेर मोकळी झाली तेव्हा भिंगरी रडून रडून झोपली होती. काचवाल्याने बाटली मांडीवर ठेवली, झाकण काढून, म्हणजे आता उठली की लगेच देता येईल. बसने पहिल्याच वळणाला ते दूध त्याच्या पँटवर ओतलं.

आणखी एक गोष्ट त्या बाईंच्या लक्षात आली. भिंगरी झोपली होती खरी, पण उभी. काचवाल्याने तिला दोन गुडघ्यांत ताठ धरलं होतं, दोन्ही तळवे दोन बाजूंना लावून. "अहो, तिला टेकू द्या की," बाई म्हणाल्या. "पाटी धरल्यासारखी काय धरलीय पोरीला?" त्याला तरी कुठे माहीत होतं. काच कधी आडवी न्यायची नाही, आडवी नेली की स्वतःच्याच वजनाने मोडते, हे हातांना वीस वर्षांचं वळण. त्याने तिला खांद्यावर टेकवली. तिचं डोकं त्याच्या मानेपाशी बरोबर मावलं. बाईंनी वाकडी सुई सरळ करायला घेतली आणि म्हणाल्या, "पहिलंच का?" तो म्हणाला, "पहिलंच, आणि एकट्याने पहिल्यांदाच." त्यावर बाईंनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली त्याला देऊन टाकली.

उठल्यावर भिंगरीने खिडकीतून बाहेरच्या जगाला आपला एक बूट भेट दिला.

सासुरवाडीच्या दारात काचवाला उभा राहिला तेव्हा त्याच्या पँटवर नको त्या जागी मोठा डाग होता, शर्टाच्या खिशात कुस्करलेलं केळं होतं आणि कडेवरच्या पोरीच्या एकाच पायात बूट होता. दार मेव्हणीने उघडलं. मेव्हणी शाळेत मुख्याध्यापिका. तिने डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाली, "या भाऊजी. दमलेले दिसता." इतकं सभ्य बोलणं ऐकून त्याला आपण नापास झाल्याची खात्रीच पटली.

सासूबाई पुढच्या खोलीत उंच खुर्चीवर बसल्या होत्या, ऑपरेशनचा पाय स्टुलावर, हाताशी वॉकर. नात बघून त्यांचा चेहरा फुलला. भिंगरी अनोळखी माणसाकडे जात नाही, रडून घर डोक्यावर घेते, हे काचवाल्याने वाटेतच घोकून ठेवलं होतं. म्हणजे मग आपण तिला छातीशी धरायचं आणि म्हणायचं, सवय नाही हो तिला, माझ्याशिवाय राहत नाही. भिंगरीने मावशीकडे बघितलं, दोन्ही हात पसरले आणि टुणकन उडी मारून तिच्या कडेवर गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

पुढचा सगळा वेळ तेच. मावशीने भात भरवला, भिंगरीने मुकाट्याने खाल्ला. घरी काचवाला भरवतो तेव्हा निम्मा भात भिंतीवर असतो. मावशीने तोंड धुतलं, भिंगरी हसली. साडूने घोडा केला, भिंगरी त्यांच्या पाठीवरून उतरेना. साडू जागांचे व्यवहार करतात, कुणालाही काहीही पटवतात, तर दोन वर्षांच्या पोरीची काय कथा. काचवाला सोफ्याच्या कडेला बसून राहिला. सासूबाई सगळं बघत होत्या, पण त्यांच्या मनात काय चाललंय याचा पत्ता लागत नव्हता.

जेवण झाल्यावर मेव्हणीने विषय काढलाच. "आई, तू बघतेयस ना? रमलीय ती. भाऊजी, राग मानू नका. तुम्ही सकाळी दुकान उघडायचं की हिला बघायचं? दुकानात सगळीकडे काचा. एक तुकडा पायात गेला तर?"

"दुकानात मागे खोली आहे," काचवाला म्हणाला. "तिथे जाळीचं दार लावणार आहे मी."

"आणि गिऱ्हाईक आलं की?"

याचं उत्तर त्याच्याकडे खरं तर होतं. कुलुपवाल्याची बायको दुपारी बघणार होती, त्याने सगळं बोलून ठेवलं होतं. पण ओला डाग असलेल्या पँटमध्ये माणसाला मुद्देसूद बोलता येत नाही. तो म्हणाला, "बघू."

"मी उद्या सांगते," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

रिकामे हात काचवाल्याला सोसत नाहीत. आणि समोरच ती काच होती. साडूंनी मागच्या अंगणाकडची भिंत पाडून तिथे जमिनीपासून छतापर्यंत सरकतं काचेचं दार बसवलं होतं, आठवडाच झाला होता. काम चांगलं होतं, हे त्याला मान्य करावं लागलं. पण काचेवर बोटांचे ठसे, पुट्टीचे डाग, आणि मधोमध पांढऱ्या रंगाची ही मोठी फुली. नवी काच बसवली की कारागीर फुली मारतो, दार उघडं आहे असं समजून माणसं काचेवर आपटू नयेत म्हणून. फुली काढायची नसते, निदान घरच्यांच्या सवयीची होईपर्यंत तरी. हे काचवाल्याला माहीत नसेल तर कुणाला असणार? तोच प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो.

पण त्याला वाटलं, एवढं एक काम तरी आपल्याला येतं, ते या लोकांना दिसू दे. त्याने बादली मागितली, जुनी वर्तमानपत्रं मागितली. पातीने पुट्टी खरवडली. मेव्हणी म्हणाली, "अहो, फुली राहू द्या, कुणीतरी आपटेल." काचवाला गालात हसून म्हणाला, "ताई, काचेचं माझ्यावर सोडा." पाण्याने एकदा, कोरड्या कागदाने दोनदा, शेवटी नुसत्या तळहाताने. साडू येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वा. काच आहे असं वाटतच नाही." दिवसभरात पहिल्यांदाच त्याला कुणी वा म्हटलं होतं. तो सुखावला, हात पुसत आत चहा प्यायला गेला.

कप तोंडाला लावतो तोच त्याला अंगणात भिंगरी दिसली. स्वयंपाकघराच्या दाराने ती केव्हा बाहेर सटकली कुणाला कळलंच नव्हतं. नळाखाली बादली भरलेली, त्याचीच, आणि भिंगरी काठावर ओणवी होऊन आत डोकं घालत होती. काचवाला उठला. ओरडला नाही, ओरडलं तर दचकून आत पडेल एवढं भान होतं. भान होतं तेवढंच. तो सरळ रेषेत धावला.

असा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. काच शाबूत राहिली. काम चांगलं होतं हे त्याने आधीच म्हटलं होतं. काचवाला मात्र मागच्या मागे जमिनीवर बसला, कप अजून हातात, नाकातून रक्ताची धार. अंगणात भिंगरीने बादलीतून डोकं वर काढलं, काचेपलीकडे बसलेल्या बापाकडे बघितलं आणि खदखदून हसली. टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "पुन्ना."

कुणालाच हसू आवरेना. मेव्हणीने कापूस आणला, पण तिचे खांदे हलत होते. साडू तोंड फिरवून उभे राहिले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. काचवालासुद्धा हसला असता, पण नाक हसू देत नव्हतं. साडूंनी खडू शोधून आणला आणि काचेवर नवी फुली मारली.

मग तो मागच्या पायरीवर जाऊन बसला, नाकावर गार पाण्याचं फडकं धरून. पडलो तरी नाक वर असं म्हणायचीही सोय उरली नव्हती. आत भिंगरीच्या हसण्याचा आवाज येत होता. मेव्हणी थोड्या वेळाने बर्फ घेऊन आली आणि शेजारी बसली. आता ती मुख्याध्यापिकेसारखी बोलत नव्हती.

"फार लागलं का?"

"नाही," तो म्हणाला. आणि मग एकदम बोलून गेला, "ताई, ठेवा तिला. तुमच्याकडेच ठेवा. मला नाही जमायचं. बसमध्ये तिला भूक लागली तर मी तिचं दूध बांधून ठेवलं होतं. बूट हरवला. बादली मीच भरून ठेवली, ती तिथेच विसरलो. आज तुम्ही सगळे होता. उद्या मी एकटा असेन." त्याचा आवाज नाकामुळे घोगरा येत होता, आणि नुसता नाकामुळे नव्हता.

मेव्हणीने बर्फाचा रुमाल त्याच्या हातात दिला. "आईला सांगते," ती हळूच म्हणाली आणि आत गेली. काचवाल्याला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. संध्याकाळी शटर ओढायचं आणि घरी जायचं, असे किती दिवस, याचा त्याने विचारच केला नाही. करवेना.

तेवढ्यात पुढच्या खोलीत धप्प झालं.

तो आवाज कोणत्याही आईबापाला ओळखू येतो. पोर पडलं की आधी शांतता असते, पोर तोंड उघडून श्वास घेत असतं, आणि मग भोंगा सुरू होतो. काचवाला उठून उभा राहिला आणि भोंग्याची वाट बघू लागला. भोंगा आलाच नाही. आतून मेव्हणीचा आवाज आला, "अगं बाळा, ये, ये माझ्याकडे." साडूंचा आवाज, "काही नाही झालं, ये घोडा करू." सासूबाईंचा, "इकडे ये गं माझ्याजवळ." तरी रडणं नाही.  पोर बेशुद्ध तर नाही पडलं? तो धावायला निघाला आणि थबकला. समोर काच होती. फुली होती तरी आता त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. तो दोन्ही हात पुढे करून चाचपडत उभा राहिला.

भिंगरी स्वयंपाकघराच्या दारातून आली. अनवाणी, कपाळावर हे एवढं टेंगूळ. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी थरथरत होती, डोळे काठोकाठ भरलेले. मागे मावशी हात पसरून वाकलेली. भिंगरीने तिच्याकडे बघितलं नाही. ती पायरीपर्यंत आली, बापाच्या पायाला धरलं आणि वर बघितलं. वर नाकाच्या जागी बटाटा होता. ती क्षणभर गोंधळली. मग तिने नीट निरखून बघितलं, हाच तो माणूस अशी खात्री करून घेतली, आणि तोंड उघडलं.

काचवाला खाली बसला. त्याने तिला उचलून घेतली, कशी धरली त्याचं त्याला भान नव्हतं. ती त्याच्या मानेत तोंड खुपसून असं काही रडली की शेजारच्या घराची खिडकी उघडली. तोही रडत होता, आणि रडल्यामुळे नाकातून पुन्हा रक्त येत होतं. तिच्या फ्रॉकवर ते सांडलं. एकूण दोघांचा अवतार बघण्यासारखा झाला होता.

वॉकरचा टकटक आवाज आला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ऑपरेशननंतर त्या एवढं चालल्याच नव्हत्या. मेव्हणी मागून म्हणाली, "आई, भाऊजी म्हणताहेत की इथेच ठेवा तिला. त्यांचं त्यांनाच पटलंय."

"त्यांना काय कळतंय," सासूबाई म्हणाल्या. मग काचवाल्याकडे वळल्या. "जावईबापू, तुम्ही आल्यापासून मी बघतेय. तुम्ही धांदरट आहात."

"हो आई," काचवाला म्हणाला.

"भरवणं हिला छान जमतं, खेळवणं ह्यांना जमतं. पोरगी हसायला कुणाकडेही जाते. पण पडली माझ्या पायापाशी. मी हात पुढे केला, हिने केला. तिने रडू गिळलं आणि तुम्हाला शोधत निघाली. दोन खोल्या चालून आली." त्यांनी दम घेतला. "रडायला माणूस ठरवलाय तिने. तो मी कसा बदलू? घेऊन जा."

मेव्हणीने यावर वाद घातला नाही. तिने आतून मापासाठी भिंगरीचा उरलेला बूट आणला आणि स्वतःच्या मुलीचे जुने बूट शोधायला कपाटावर चढली.

भिंगरी हुंदके देत देत शांत झाली, त्याच्या खांद्यावरच. काचवाल्याने एका हाताने बायकोला फोन लावला. ती बहुतेक फोन हातात घेऊनच बसली होती.

"काय म्हणाली आई?"

"घेऊन जा म्हणाल्या."

 बायको म्हणाली, "खरं सांगतोस? आणि नाकात काय बोलतोयस?"

"ते मग सांगतो."

"रडली का रे ती फार?"

"रडली. पडली होती. पण माझ्यापर्यंत येईपर्यंत रडली नाही."

 बायकोचा आवाज एकदम बारीक झाला. "भरवशील कसंतरी, न्हाऊ घालशील, मला माहीत होतं. मी नसताना तिला दुखलं तर ती कुणाकडे जाईल, एवढंच मला कळत नव्हतं." मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "ठीक आहे. प्रशिक्षणाला जाते म्हणून उद्या कळवते."